मॉर्मन चर्चच्या दाव्यांची चिकित्सा कशी करावी

छातीवर काळी नावपट्टी, पांढरा सदरा आणि टाय अशा वेषातले दोन तरुण दारात उभे राहतात, अदबीने बोलतात, निळ्या वेष्टनाचे 'बुक ऑफ मॉर्मन' हे आपल्या धर्मग्रंथाचे एक जाड पुस्तक हातात देतात आणि हे वाचून प्रार्थना करा, खरे-खोटे तुम्हाला आतूनच कळेल, असे सांगतात. नोकरीनिमित्त युटा किंवा ॲरिझोनात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. बेंगळुरू आणि हैदराबादेतही या चर्चचे काम आहे, आणि ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक प्रचारक तर १८५२ मध्येच मुंबई-पुण्याकडे धर्मप्रचार करत होता. अशा भेटीनंतर बहुतेक लोक एक तर विषय कायमचा सोडून देतात, नाही तर इंटरनेटवर पहिल्या दहा मिनिटांत जे सनसनाटी सापडते तेच प्रमाण मानून बसतात. ज्यांना यापुढे जाऊन स्वतः शहानिशा करायची आहे, कारण घरातले कोणी या चर्चकडे ओढले गेले आहे, शेजारी मॉर्मन आहेत किंवा केवळ धर्मेतिहासाची गोडी आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

नावाबद्दल आधी एक खुलासा. या संस्थेचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे आणि 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नये, असे आवाहन तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केले होते. जुन्या कागदपत्रांत आणि वाचकांच्या ओळखीत 'मॉर्मन' हाच शब्द असल्यामुळे तो येथे ठेवला आहे. प्रत्यक्ष सदस्याशी बोलताना मात्र त्याला रुचेल तेच नाव घ्यावे.

काय तपासायचे आहे ते आधी ठरवा

शिकवण, रूढी आणि अधिकार या तीन गोष्टींची गल्लत झाली की चर्चा भरकटते. चहाचेच उदाहरण घ्या, कारण मराठी माणसाला ते पटकन भिडेल. मॉर्मन सदस्य चहा आणि कॉफी पीत नाहीत आणि या नियमाचा उगम चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८३३ मध्ये झालेल्या एका साक्षात्कारात आहे, असे सांगितले जाते. 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या त्यांच्या धर्मग्रंथाचे ८९वे प्रकरण काढून पाहिले, तर तेथे चहा किंवा कॉफी यांची नावे येत नाहीत, फक्त 'उष्ण पेये' असा उल्लेख आहे. आणि हा उपदेश आज्ञा किंवा सक्ती म्हणून दिलेला नाही, असे सुरुवातीलाच म्हटले आहे. आज मात्र चहा पिणाऱ्या सदस्याला मंदिरात, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या, खास विधींच्या वास्तूत, प्रवेशाचा परवाना मिळत नाही. म्हणजे मूळ वचन एक, पुढच्या अध्यक्षांच्या काळात त्यावर चढलेली सक्ती दुसरी, आणि कोकाकोलासुद्धा निषिद्धच असे मानणारी घराघरांतली रीत तिसरी. कॅफीनयुक्त शीतपेयांना बंदी नाही, असा खुलासा चर्चने २०१२ मध्ये केला होता, यावरून ती रीत किती खोल रुजली होती हे दिसते. कोणताही आक्षेप घेताना तो या तिन्हींपैकी नेमका कशावर आहे, हे वहीत लिहून काढावे.

त्याचबरोबर, आजही बहुपत्नीत्व पाळणारे जे गट बातम्यांत झळकतात ते सॉल्ट लेक सिटीच्या मुख्य चर्चपासून फुटून निघालेले आहेत. त्यांचे अपराध मुख्य चर्चच्या माथी मारणे ही टीका करणाऱ्यांची नेहमीची चूक आहे आणि तिच्यामुळे रास्त आक्षेपही हलके पडतात.

चर्चच्याच दप्तरापासून सुरुवात करा

विरोधकांचे लेखन नंतर वाचावे. आधी चर्चने स्वतः प्रसिद्ध केलेले वाचावे, कारण त्यावर 'हे शत्रूंनी रचले आहे' असे कोणी म्हणू शकत नाही. जोसेफ स्मिथ यांची पत्रे, रोजनिशा आणि कारकुनांनी उतरवलेल्या नोंदी चर्चच्या इतिहास विभागाने मूळ पानांच्या छायाचित्रांसह खुल्या केल्या आहेत. २०१३च्या अखेरीपासून दोन वर्षे चर्चने आपल्या अधिकृत संकेतस्थळावर अडचणीच्या विषयांवर निबंधही प्रसिद्ध केले. स्मिथ यांनी कदाचित तीस ते चाळीस स्त्रियांशी विवाहविधी केले, त्यांतील काही आधीच दुसऱ्याच्या पत्नी होत्या आणि हेलन मार किंबल हिला पंधरावे वर्ष पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते, हे २०१४च्या निबंधात चर्चने मान्य केले आहे. ज्या सदस्यांनी साठ वर्षे रविवारच्या वर्गात याचा उच्चारही ऐकला नव्हता, त्यांना हे वाचून काय वाटले असेल याची कल्पना करावी. मला तरी या साऱ्या विषयातली सर्वांत मोठी वेदना तेथेच दिसते: माहिती हाताशी होती, आणि ज्यांचे आयुष्य तिच्यावर उभे होते त्यांच्यापर्यंत ती पोहोचू दिली गेली नाही.

पहिला सराव असा करावा. स्मिथ यांना किशोरवयात रानात झालेले दर्शन हा या धर्माचा पाया आहे. त्याचे १८३२चे वर्णन, ज्याचा बराच भाग स्मिथ यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे, आणि १८३८-३९मध्ये लिहवून घेतलेले, आज धर्मग्रंथात छापले जाणारे वर्णन शेजारी शेजारी ठेवावे. पहिल्यात प्रभू दर्शन देतो आणि पापांची क्षमा करतो; दुसऱ्यात पिता आणि पुत्र असे दोघे प्रकट होतात आणि कोणत्याही पंथात जाऊ नकोस, असे बजावतात. पहिल्यात सगळे पंथ मार्ग सोडून गेले आहेत, हा निष्कर्ष मुलाने बायबल वाचून आधीच काढलेला आहे. दुसऱ्यात सगळेच चुकीचे असतील हे तोवर माझ्या मनातही आले नव्हते, असे वाक्य आहे. आता कागदाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला केवळ गाळलेल्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला परस्परविरोधी गोष्टी लिहाव्यात. आठवण सांगताना माणूस काही गोष्टी गाळतो, हे श्रद्धावंतांचे उत्तर पहिल्या रकान्याला बऱ्यापैकी लागू पडते. दुसऱ्या रकान्याला ते पुरते का, याचा निर्णय वाचकाने स्वतः घ्यावा. आणि निर्णय घेताना दुसऱ्याच वर्णनात काही ओळी आधी 'हे सगळेच चुकीचे आहेत की काय' असा प्रश्न मुलाला पडलेला आहे, हेही नोंदवावे.

एक चित्र, नीट न्याहाळून

ज्याची पडताळणी श्रद्धेबाहेरच्या ज्ञानाने करता येते असा दावा निवडला, तर कष्ट कमी होतात. अब्राहामाचे पुस्तक हा तसा दावा आहे. १८३५ मध्ये ओहायो राज्यातल्या कर्टलंड गावी एका फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इजिप्तच्या ममी आणि पपायरस या प्राचीन कागदाच्या गुंडाळ्या विकत घेतल्या. त्यांपैकी एकीवर अब्राहामाने स्वहस्ते लिहिलेला मजकूर आहे, असे जाहीर करून स्मिथ यांनी त्याचे 'भाषांतर' केले. फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों यांनी इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे १८२२ मध्ये उलगडायला सुरुवात केली होती, पण अमेरिकेच्या त्या सीमाभागात ती लिपी वाचणारे कोणी नव्हते.

या पुस्तकाबरोबर छापलेले तिसरे चित्र उघडावे. सिंहासनावर एक आकृती बसली आहे, तिच्यामागे एक उभी आहे, समोर आणखी तीन आहेत. प्रत्येकीला क्रमांक आहे आणि खाली स्मिथ यांचे स्पष्टीकरण आहे. क्रमांक दोनच्या आकृतीबद्दल ते म्हणतात की हा फारो राजा असून त्याचे नाव डोक्यावरच्या अक्षरांत दिले आहे. आता ती आकृती पाहावी: अंगाला लपेटलेला घोळदार स्त्रीवेष आहे, मस्तकावर शिंगे आणि त्यांच्यामध्ये सूर्यबिंब आहे. डोक्यावरची अक्षरे आज इजिप्तविद्येचा अभ्यासक वाचू शकतो आणि तेथे नाव आहे ते इसिस देवीचे. क्रमांक चारचा 'फारोचा राजपुत्र' ही मात देवी आहे. सिंहासनावरचा 'अब्राहाम' हा ओसायरिस देव आहे. हे सारे होर नावाच्या एका पुरोहिताच्या अंत्यविधीच्या पपायरसवरचे आहे आणि तो पपायरस अब्राहामाच्या मानलेल्या काळानंतर हजारांहून अधिक वर्षांनी लिहिला गेला. यातल्या काही पपायरसचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९६७ मध्ये चर्चच्या स्वाधीन केले, आणि त्यांवर अब्राहामाचे नाव किंवा त्याच्या चरित्रातली कोणतीही घटना नाही, हे चर्चच्या २०१४च्या निबंधात कबूल केले आहे. मूळ गुंडाळीचा हरवलेला भाग वेगळा असेल, किंवा पपायरस हे साक्षात्काराचे केवळ निमित्त असेल, अशी दोन उत्तरे दिली जातात. ती ऐकून घ्यावीत. पण या चित्राचा मूळ पपायरस आज नसला तरी त्याची छापील प्रत अक्षरांसह समोर आहे, आणि 'डोक्यावरच्या अक्षरांत' हे शब्द स्मिथ यांचेच आहेत.

जुन्या आवृत्त्या शेजारी ठेवा

धर्मग्रंथाच्या दोन आवृत्त्यांतला फरक अनेकदा पानभर युक्तिवादापेक्षा अधिक सांगून जातो. 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स'च्या १८३५च्या आवृत्तीत एका पुरुषाला एकच पत्नी असावी, असे स्पष्ट सांगणारे प्रकरण होते. १८७६ मध्ये ते काढले गेले आणि त्या जागी बहुपत्नीत्वाला दैवी आधार देणारे १३२वे प्रकरण आले, ज्याची नोंद १८४३ची आहे. म्हणजे जाहीर ग्रंथ एकपत्नीत्व सांगत असताना नेतृत्व खासगीत दुसरेच आचरत होते. 'बुक ऑफ मॉर्मन'मध्ये पश्चात्ताप केलेल्या लोकांबद्दल 'गोरे आणि मनोहर' असे शब्द होते; ते १९८१ मध्ये 'शुद्ध आणि मनोहर' असे झाले. १८४०च्या आवृत्तीतही 'शुद्ध' होते आणि तो बदल स्मिथ यांच्या हयातीतला आहे, ही चर्चची बाजू येथे नोंदवलीच पाहिजे. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यातल्या कथेतले लामनी लोक हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे 'प्रमुख पूर्वज' होते, असे १९८१ पासून छापले जात होते. मूळ रहिवाशांचा वंश मुख्यतः आशियातून आला, हे डीएनएच्या अभ्यासांतून स्पष्ट झाल्यानंतर, २००६ पासून तेथे 'पूर्वजांपैकी' एवढेच उरले.

अधिकाराची तपासणी कशी करावी

हा भाग सर्वांत अवघड आहे आणि येथेच सर्वाधिक वेळ द्यावा. चर्चचा अध्यक्ष हा संदेष्टा, म्हणजे देवाचा जिवंत प्रवक्ता मानला जातो. एखादे जुने विधान अडचणीचे ठरले की 'तेव्हा ते माणूस म्हणून बोलत होते, संदेष्टा म्हणून नव्हे' असे उत्तर मिळते. हे उत्तर सरसकट धुडकावू नये. ते विधान केले गेले त्या दिवशी सदस्यांना ते काय म्हणून सांगितले होते, एवढाच प्रश्न विचारावा.

कृष्णवर्णीयांवरच्या बंदीचा इतिहास या प्रश्नावर घासून पाहण्यासारखा आहे. एलायजा एबल या कृष्णवर्णीय सदस्याला स्मिथ यांच्या हयातीत, १८३६ मध्ये याजकपद मिळाले होते. १८५२ मध्ये स्मिथ यांच्यानंतरचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांनी युटाच्या विधिमंडळापुढे बोलताना आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना ते मिळणार नाही, असे जाहीर केले. १९४९ मध्ये सर्वोच्च अध्यक्षमंडळाने लेखी निवेदनात म्हटले की ही धोरणाची बाब नसून प्रभूची थेट आज्ञा आहे. जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी नव्या साक्षात्काराच्या आधारे बंदी उठवली. आणि डिसेंबर २०१३च्या निबंधात, काळी कातडी हे शापाचे किंवा पृथ्वीवर जन्मण्यापूर्वीच्या आत्मिक जीवनातल्या वर्तनाचे चिन्ह आहे, ही पिढ्यान्‌पिढ्या व्यासपीठावरून दिलेली कारणे चर्चने नाकारली. १९४९चे निवेदन आणि २०१३चा निबंध एका बैठकीत वाचावेत. सव्वाशे वर्षे ज्या कुटुंबांना मंदिरातले सर्वोच्च विधी नाकारले गेले, त्यांच्याशी कोण बोलत होते, देव की माणूस, हा प्रश्न मग पुस्तकी राहत नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारे नोव्हेंबर २०१५चे धोरण पाहावे: पुढच्याच जानेवारीत नेल्सन यांनी त्याला साक्षात्काराचा दर्जा दिला आणि एप्रिल २०१९ मध्ये ते मागे घेतले गेले.

दुसरा प्रश्न असा, की चूक दाखवणाऱ्याचे काय होते. १९४५ मध्ये चर्चच्या मासिकात 'नेते बोलले की विचार करून झालेला असतो' अशा आशयाचा संदेश छापला गेला. युनिटेरियन या दुसऱ्या पंथाच्या एका पाद्रीने चिंता कळवली तेव्हा अध्यक्ष जॉर्ज आल्बर्ट स्मिथ यांनी, हा संदेश चर्चची खरी भूमिका मांडत नाही, असे उत्तर पाठवले. हे उत्तर त्यांच्या बाजूने नोंदवावे. पण ते खासगी पत्रात होते आणि मूळ संदेश हजारो घरांत गेला होता, हेही लिहावे. मे १९९३ मध्ये चर्चचे ज्येष्ठ नेते, प्रेषित बॉइड पॅकर यांनी स्त्रीवादी, समलिंगी चळवळ आणि 'तथाकथित विद्वान' यांच्यापासून चर्चला धोका असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सहा लेखक-अभ्यासकांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. त्यांतल्या लविना फील्डिंग अँडरसन यांनी, प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांना अधिकाऱ्यांनी कसे वागवले, याची तारीखवार नोंद प्रसिद्ध केली होती. बहिष्कृत झाल्यावरही त्या जवळजवळ तीस वर्षे रविवारी त्याच चर्चमध्ये जाऊन बसत राहिल्या. प्रभुभोजनाची भाकर त्यांच्यापुढून जाई आणि त्यांना ती घेता येत नसे. 'चर्चवर टीका करणारे सारे कटुतेने भरलेले असतात' हे वाक्य कानावर आले की या बाई आठवाव्यात.

पैशाच्या बाबतीत फार खोल जाण्याची गरज नाही, कारण सरकारी आदेशच उपलब्ध आहे. पूर्ण दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दिल्याशिवाय मंदिराचा परवाना मिळत नाही, आणि चर्चने १९५९ नंतर आपल्या खर्चाचा तपशीलवार हिशेब सदस्यांपुढे ठेवलेला नाही. अमेरिकेच्या रोखे नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये असा ठपका ठेवला की गुंतवणुकीचा आकार लोकांना कळू नये म्हणून चर्चच्या माहितीने कागदोपत्री कंपन्यांच्या नावे विवरणपत्रे भरली जात होती. चर्चला दहा लाख आणि तिच्या गुंतवणूक संस्थेला चाळीस लाख डॉलर दंड झाला. ठपका विवरणपत्रे भरण्याच्या पद्धतीबद्दल आहे, पैसा खाल्ल्याबद्दल नाही. ही मर्यादा ओलांडून लिहू नये.

आपल्या बाजूचा पुरावाही तितक्याच कठोरपणे तपासा

१९८०च्या दशकात मार्क हॉफमन हा जुन्या कागदपत्रांचा व्यापारी सॉल्ट लेक सिटीत एकामागून एक स्फोटक पत्रे बाहेर काढत होता. ज्या सुवर्णपत्रांवरून 'बुक ऑफ मॉर्मन' भाषांतरित केल्याचे स्मिथ सांगत, त्यांची राखण करणारा त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या पत्रात देवदूत नसून पांढरा सॅलॅमंडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा प्राणी, होता. चर्चच्या विरोधकांना याहून मोठे घबाड मिळाले नसते. जेराल्ड टॅनर हे चर्चचे आयुष्यभराचे टीकाकार. पत्नी सँड्रा यांच्यासह ते जुनी कागदपत्रे छापून विकत, आणि हे पत्र त्यांच्या बाजूचे होते. त्यांनी ते वाचले, त्यातले शब्द १८३४च्या एका मॉर्मनविरोधी पुस्तकाशी संशयास्पदरीत्या जुळतात हे हेरले आणि १९८४ मध्ये जाहीरपणे शंका घेतली, जेव्हा नामवंत तज्ज्ञ ते अस्सल मानत होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये बिंग फुटू नये म्हणून हॉफमनने बॉम्ब ठेवले आणि दोन माणसांचा जीव गेला. पुढे त्याने बनावटगिरीची कबुली दिली. एखादा आक्षेप फारच सोयीचा वाटला की टॅनर यांनी त्या पत्राचे जे केले ते आपण आपल्या पुराव्याचे करावे.

याच कारणाने मॉर्मनांवर झालेला अन्यायही चिकित्सेत आला पाहिजे. मिसूरीच्या गव्हर्नरने ऑक्टोबर १८३८ मध्ये त्यांना राज्यातून हाकलून लावण्याचा किंवा नष्ट करण्याचा हुकूम काढला, तीन दिवसांनी हॉन्स मिल येथे सतरा जण मारले गेले, आणि तो हुकूम १९७६ पर्यंत औपचारिकपणे रद्द झाला नव्हता. १८५७ मध्ये माउंटन मेडोज येथे युटाच्या मॉर्मन सैनिकांनी सुमारे १२० निःशस्त्र प्रवाशांची कत्तल केली, ती या भयाच्या पार्श्वभूमीवर. भयामुळे ती क्षम्य ठरत नाही, पण भय वगळले तर ती समजतही नाही. या कत्तलीचा पहिला प्रामाणिक इतिहास १९५० मध्ये जुआनिटा ब्रुक्स यांनी लिहिला आणि त्या अखेरपर्यंत श्रद्धावान सदस्य होत्या.

समोरासमोर बोलताना

प्रचारक तरुणांचे वय साधारण अठरा ते पंचवीस असते. त्यांच्यापुढे विजय मिळवण्यात काही पुरुषार्थ नाही. त्यांचा मुख्य आधार 'बुक ऑफ मॉर्मन'च्या शेवटच्या प्रकरणातले वचन असते: प्रामाणिक अंतःकरणाने विचारा, पवित्र आत्मा सत्य प्रकट करील. येथे एकच प्रश्न शांतपणे विचारावा की मी प्रामाणिकपणे विचारले आणि उत्तर 'नाही' असे आले, तर ते तुम्ही उत्तर म्हणून स्वीकाराल का. 'पुन्हा विचारा' असे ते म्हणाले, तर ही कसोटी एकाच निकालासाठी बांधलेली आहे, हे त्यांना न दुखावताही स्पष्ट होते.

घरातलाच मुलगा किंवा मुलगी बाप्तिस्मा घेण्याच्या वाटेवर असेल, तर इसिस देवीपासून सुरुवात करू नये. रोजच्या जगण्यातले प्रश्न आधी विचारावेत: पगारातून दशांश किती जाईल, बंद खोलीत बिशप, म्हणजे स्थानिक चर्चचे प्रमुख, कोणते खासगी प्रश्न विचारतील, आणि मंदिरात लग्न ठरले तर आई-वडील कुठे असतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की परवाना नसलेल्या कोणालाही, मग ते जन्मदाते का असेनात, मंदिरातला विवाहविधी पाहता येत नाही. ते बाहेर थांबतात. अमेरिकेत आधी नोंदणी विवाह केला तर मंदिरविधीसाठी वर्षभर थांबावे लागे. ती अट मे २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे आता सर्वांसमोर लग्न लावून लगेच मंदिरात जाता येते. हे अनेक नव्या सदस्यांना ठाऊक नसते. ते त्यांना सांगावे, आणि ते जो निर्णय घेतील त्यानंतरही जेवायला घरी बोलवावे.